लेखकाला नको, पुस्तकाला विचारा

अकोला जिल्ह्यात वाढलेल्या आणि आता पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय अडतिशीचं, घरात शाळकरी मुलं. चार वर्षांपासून त्या आपल्या आजीवर कादंबरी लिहीत आहेत. आजी ऐन तारुण्यात विधवा झाली, दिरांनी वावर बळकावायचा प्रयत्न केला, पण तिने कापसाचं ते वावर शेवटपर्यंत सोडलं नाही. नव्वद पानं झाली, आजोबांच्या मृत्यूपर्यंत गोष्ट आली आणि वर्षभर तिथेच अडली आहे. मधल्या काळात त्यांनी कादंबरीकारांच्या मुलाखती ऐकल्या, कार्यशाळा केल्या, सूचनांनी वह्या भरल्या. त्या लिहितात, "एक लेखक म्हणतात आधी आराखडा करा, दुसरे म्हणतात पात्रं नेतील तिकडे जा. कुणी म्हणतं पहाटे चारला उठून लिहा. एका कार्यशाळेत सांगितलं की वऱ्हाडी नको, वाचक कंटाळतो. यातलं कुणाचं ऐकू? वर्षभर बिनपगारी रजा घेऊन फक्त लिहावं का? आणि खरं सांगा, माझ्यात ते मुळात आहे का?"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. तुमचा पहिला प्रश्न आहे, कुणाचं ऐकू. त्यामागे एक गृहीतक आहे: छापून आलेल्या कादंबरीकारांना लिहिण्याची रीत माहीत असते, आणि ते ती सांगतात. आधी हेच जरा तपासून पाहू.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. 'कोसला' लिहून झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. काही आठवड्यांत हातावेगळी झालेली ती कादंबरी 1963 मध्ये आली. त्याच नेमाड्यांची 'झूल' 1979 ची आणि त्यानंतरची 'हिंदू' 2010 ची. मध्ये तीस वर्षं गेली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, म्हणजे पुढच्या अंकाची वेळ आली की मजकूर तयार हवा. आता यातून नियम कोणता काढायचा? पाच दिवसांत लिहावं, की तीस वर्षं थांबावं? एका झपाट्यात लिहावं, की आठवड्याच्या हप्त्यात? चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि चारही पुस्तकं आजही वाचली जातात. पण त्यातली एकही तुमच्या अडलेल्या पानाला लागू करता येत नाही. नेमाड्यांसारख्या एकाच लेखकालाही दोन पुस्तकांसाठी दोन अगदी वेगळे वेग लागले, मग एकाची रीत दुसऱ्याला कशी पुरेल?

मुलाखत देणारा लेखक खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तो पुस्तक संपल्यानंतर बोलतो, इतकंच. कोणती पानं फाडली, कुठे आठवडाभर एका वाक्यापाशी बसून राहिला, हे त्याच्याही लक्षात धूसर होतं. सांगता येण्यासारखं उरतं ते उठण्याचं, बसण्याचं, कागदाचं, पेनाचं. मुलाखतींनी धीर येतो आणि तेवढ्यासाठी त्या जरूर ऐकाव्यात. पण कसब शिकायचं तर ते पुस्तकात आहे. गोष्ट कुणाच्या तोंडून सांगितली, कुठून सुरू केली, काय गाळलं, लोक कोणत्या भाषेत बोलतात, हे सगळे निर्णय छापील पानावर उघडे पडलेले असतात. जुनं पोलकं उसवून त्यावरून नवं बेतणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. वाचायचं ते तसं, शिवण उसवून.

आता तुमच्या नव्वद पानांकडे येऊ. वर्षभर तुम्ही 'कुणाचं ऐकू' या प्रश्नात आहात, पण गोष्ट नेमकी आजोबांच्या मृत्यूपाशीच का थांबली, हा प्रश्न पत्रात कुठे नाही. पत्रातली एकच ओळ त्याच्या जवळ जाते: "पुढचं सांगण्यासारखं खूप आहे, पण मला ते कुणीतरी सांगितलेलं आहे." मला वाटतं, अडचण इथेच आहे. आजी तुम्हाला कळायला लागली तेव्हा ती साठीच्या पुढे असणार. पंचविशीतली, दिरांशी भांडणारी आजी तुम्ही पाहिलेली नाही. लग्न, पहिली वर्षं, आजोबांचं आजारपण या गोष्टी घरात सगळे प्रेमाने सांगतात, त्यामुळे त्या सर्वज्ञ निवेदकाच्या सुरात लिहून झाल्या. भांडणाबद्दल मात्र घरात प्रत्येकाची वेगळी कथा असणार, काहींनी ते मुद्दाम झाकलंही असेल. तिथे सगळं माहीत असल्याच्या थाटात लिहायला तुमचा हात धजावत नाही. मला यात लिहिणारीचा प्रामाणिकपणा दिसतो. आराखडा करून किंवा पहाटे उठून हे सुटणार नाही. ठरवायचं आहे ते हे की ही गोष्ट सांगतंय कोण.

हा प्रश्न आपल्याकडे अनेकांनी सोडवलेला आहे, आणि प्रत्येकाने त्यासाठी काहीतरी सोडून दिलं आहे. ते सोडून दिलेलं काय, ते पाहत चला.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पुन्हा वाचा. धनगरांच्या वाडीची गोष्ट, पण सांगतो कोण? बाहेरून आलेला कोवळा मास्तर. त्याला वाडी हळूहळू कळते आणि आपल्यालाही त्याच्याच गतीने. मास्तरला जे दिसत नाही ते पुस्तकात नाही. धनगरांच्या मनात शिरण्याचा हक्क माडगूळकरांनी सोडला आणि त्या बदल्यात प्रत्येक तपशिलाला साक्षीदाराचं वजन मिळवलं. तुमच्या कादंबरीत हे काम नात करू शकेल. पुण्यात नोकरी करणारी नात, जी सुट्टीत गावी जाते, काकांना विचारते, आत्याला विचारते, आणि तिला दोन वेगळी उत्तरं मिळतात. मग घरातल्या वेगवेगळ्या कथा हीच कादंबरीची ताकद होईल. धोकाही आहे: नात हळूहळू सगळी जागा व्यापते आणि आजी फोटोत राहते. या वाटेने गेलात तर दर प्रकरणानंतर तपासा की हे प्रकरण कुणाचं झालं.

दि. बा. मोकाशींच्या 'आनंदओवरी'त (1974) यापेक्षा अवघड निवड आहे. तुकोबांची गोष्ट त्यांचा धाकटा भाऊ कान्हा सांगतो. तो एकाच घरात वाढलेला, भावावर जीव असलेला, तरी तुकोबा त्याच्या पूर्ण आवाक्यात कधीच येत नाहीत. थोर माणसाच्या शेजारी राहणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे त्यामुळे कळतं. तुमच्या पत्रात आजीच्या एका धाकट्या जावेचा उल्लेख आहे, जी भांडणात दोन्हीकडे होती. मला ती बाई फार मोलाची वाटली. तिला आजीबद्दल प्रेम आहे, नवऱ्याची भीती आहे, आणि ती सगळं पाहते आहे. एक प्रकरण तिच्या तोंडून लिहून तर पाहा.

तिसरी वाट आजीनेच बोलण्याची. 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमू स्वतःची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या एका पुरुषाने विधवेचा 'मी' लिहिला आणि तो खरा वाटला, कारण यमूला फक्त तिच्या घरातून आणि तिच्या वयाला जेवढं कळेल तेवढंच त्यांनी कळू दिलं. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तही (2004) तेच आहे. आणीबाणी आहे, पण नववीतल्या मुलाला दिसेल तेवढीच. कमी माहिती असलेला निवेदक वाचकाला जास्त जवळ घेतो. ही वाट धरलीत तर आजीला तुमच्या पिढीचे शब्द देता येणार नाहीत. 'मी माझ्या हक्कासाठी उभी राहिले' असं ती कधीच म्हणाली नसेल.

चौथी वाट आहे ती तुम्ही सध्या चालताय तीच, त्रयस्थ निवेदन, पण आजीला घट्ट चिकटून. त्यासाठी तुमच्याच मुलखातलं उत्तम पुस्तक आहे: उद्धव शेळक्यांची 'धग' (1960). तिची नायिका कौतिक, तिचं दारिद्र्य, नवरा, मुलं, रोजची झटापट, सगळं तिच्या इतक्या जवळून येतं की लेखक आहे हे आपण विसरतो. इथे ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी करावी लागते, म्हणजे कल्पनाशक्तीवर सर्वात मोठा भार याच वाटेवर पडतो. खांडेकरांनी 'ययाति'त (1959) तीन जणांना आपापली बाजू सांगू दिली, म्हणजे दिरालाही बोलू द्यायची सोय आहेच. मात्र पहिल्या कादंबरीत ते पेलणं कठीण, आणि तुमच्या मजकुराला त्याची गरज मला तरी दिसत नाही.

माझा कल विचाराल तर नात किंवा धाकटी जाऊ. पण हा निर्णय कानाने घ्यायचा असतो, म्हणून एक काम सुचवते. आजोबांचा दहावा झाल्यानंतरचा पहिला दिवस घ्या. दोन पानं नातीच्या तोंडून लिहा, दोन जावेच्या, दोन आजीच्या, दोन 'धग'सारखी. कोणतं सुंदर झालं ते पाहू नका. कुठे पुढचं वाक्य आपोआप आलं आणि कुठे माहिती शोधायला उठावंसं वाटलं, ते समासात टिपा.

बोलीबद्दल आता. 'वाचक कंटाळतो' हे कार्यशाळेतलं वाक्य मला पटलं नाही, आणि ते ऐकून तुम्ही संवाद प्रमाण मराठीत बदलायला घेतलेत याचं वाईट वाटलं. 'धग' मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात, निवेदन मात्र प्रमाण मराठीच्या जवळ राहतं. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) तसं करून चाललंच नसतं. तिथे शेतावर राबणारा नारबा स्वतः सांगतो, जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि यंत्र आल्यावर तो सुटत जातो. सांगणाराच त्या मातीतला, म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोलीच. आता पाहा, बोलीचा प्रश्न निवेदकाच्या प्रश्नातच दडलेला होता. नात सांगणार असेल तर निवेदन तुमच्या आजच्या मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत. आजी किंवा जाऊ सांगणार असेल तर सगळंच वऱ्हाडीत. वावर, धुरा, पऱ्हाटी, सरकी, डवरणी हे शब्द कंसात अर्थ देऊन लिहू नका. वाक्यात ते वापरात दिसले की नागपूर असो, रत्नागिरी असो, वाचकाला कळतात. आणि भाषेचा वापर ऐकायचा असेल तर 'कोसला'ची काही पानं मोठ्याने वाचा. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन साध्या शब्दांवर तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा, सगळा स्वभाव उभा आहे. तुमच्या आजीचा असा शब्द कोणता होता?

दुसरं एक गृहीतक तुमच्या नव्वद पानांत आहे: गोष्ट लग्नापासून सुरू व्हायला हवी. खरंच हवी का? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) आकाराने लहान. युरोपातून निघालेलं जहाज, चक्रधर आणि ज्यू निर्वासित हेर्टा. तो मुंबईला उतरणार, तिला पुढे जावं लागणार, हे आधीच ठरलेलं. प्रवासाच्या मोजक्या दिवसांत सगळं घडतं आणि आधीचं आयुष्य लागेल तेवढंच डोकावतं. मुदत ठरलेली असली की प्रत्येक भेटीला ताण येतो. तुमच्या गोष्टीत अशी मुदत असेल का? कोर्टाची तारीख, पेरणी, एक हंगाम? आजोबांच्या मृत्यूवर कादंबरी थांबली असं तुम्ही म्हणता, मला राहून राहून वाटतं की ती तिथून सुरू होते. पण लिहिलेली नव्वद पानं टाकून देऊ नका. पुढे आजीला काहीतरी आठवेल तेव्हा त्यातला एकेक परिच्छेद लागेल.

माहितीच्या बाबतीत एक सूचना, कारण तुमच्या गोष्टीचा कणाच त्यावर आहे. आजोबा नेमके कोणत्या साली गेले? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला वारस म्हणून पूर्ण मालकीचा हक्क दिला. मृत्यू त्याआधीचा की नंतरचा, यावर दिरांची भाषा बदलेल, तलाठ्याचं वागणं बदलेल, आजीच्या हातात काय होतं तेही बदलेल. जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, तहसील कचेरीतून काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं असेल तर येत्या सुट्टीतच बोला. तेव्हा 'काय झालं' पेक्षा 'त्या दिवशी जेवायला काय होतं, कोण कुठे बसलं होतं' असं विचारा. कविता महाजनांच्या 'ब्र' (2005) मागे आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या बायकांमध्ये वावरून मिळवलेली माहिती आहे. तिथे काय वगळलं असेल याचा अंदाज घेत ती वाचा, जमवलेलं सगळं पुस्तकात येत नाही हे लक्षात येईल.

शिवण उसवून वाचायचं म्हणजे काय, तेही सांगते, कारण हा प्रश्न इतरही बरेच जण विचारतात. पुस्तक एकच निवडा, आपल्या गोष्टीच्या जवळचं. एकदा मनसोक्त वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि प्रत्येक प्रकरणाशेजारी लिहा: इथे किती काळ गेला, एक संध्याकाळ की चार वर्षं? प्रसंग डोळ्यांसमोर घडवला आहे की दोन ओळींत सांगून टाकला आहे? नवशिके बहुतेक वेळा सगळं सारख्याच वेगाने लिहितात. चांगला कादंबरीकार पाच वर्षं अर्ध्या पानात संपवतो आणि एका भांडणाला वीस पानं देतो. हे एकदा समासात आकड्यांनी दिसलं की स्वतःच्या पानांतला सपाटपणा लगेच खुपतो. नंतर आवडलेलं एक पान हाताने वहीत उतरवून काढा. वाक्य कुठे तोडलं, क्रियापद कुठे ठेवलं, हे उतरवताना बोटांना कळतं. या वहीत लेखकांच्या सूचना नकोत, पुस्तकात तुम्हाला सापडलेलं हवं.

रजेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करत कोकणावर कादंबऱ्या लिहीत होते. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करत, माडगूळकर आकाशवाणीत होते, रंगनाथ पठारे संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवत. नोकरी लिहिण्याला पोषकच असते असं मला म्हणायचं नाही. तिच्यासोबत बाईला घरकामाची दुसरी पाळीही असते, ती या चौघांवर कितपत होती हा विचार तुमच्याही मनात आला असेल, आणि तो योग्य आहे. म्हणून घरात उघडपणे बोला. आठवड्यातले दोन ठरलेले तास, दार बंद, मुलांचं आणि स्वयंपाकाचं त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे. पहाटे चारचा हट्ट नको, झोप मोडून बँकेत दिवसभर आकडे तपासायचे आहेत तुम्हाला. निवेदक सापडून पन्नास नवी पानं झाली की रजेचा विचार पुन्हा करा, तेव्हा त्या महिन्यांत काय करायचं ते ठाऊक असेल. आज रजा घेतलीत तर अडलेलं पानच दिवसभर समोर राहील.

'माझ्यात ते आहे का?' पानं वाचल्याशिवाय मी उत्तर देऊ शकत नाही, आणि कुणी पत्रावरून दिलं तर विश्वास ठेवू नका. एवढं मात्र सांगते. आजी सातबाराचा उतारा ज्वारीच्या कणगीत ठेवायची आणि दर पोळ्याला काढून पाहायची, हे तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहिलंत. तिला वाचता येत नव्हतं, हेही त्याच ओळीत. सगळ्या पत्रात मला आजी त्या ओळीत दिसली. ही गोष्ट नव्वद पानांत आहे का? नसेल तर का नाही, याचा शोध घ्या. अशा गोष्टी 'कादंबरीत शोभणाऱ्या' नाहीत असं वाटून आपण बाजूला ठेवतो.

शेवटी वाचक कोण निवडायचा ते. आपल्याकडे 'मौज' प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांसारखे, 'सत्यकथा' मासिकाच्या राम पटवर्धनांसारखे संपादक होऊन गेले, जे लेखकासोबत ओळन् ओळ बसत. आज असा संपादक नशिबानेच भेटतो, तर दोन वाचक स्वतः शोधा. एक तुमच्या गावचा, जो बोलीतली चूक दाखवेल. एक विदर्भाबाहेरचा, ज्याला तुमचं घर माहीत नाही. दोघांनाही 'कसं वाटलं' विचारू नका. कुठे वाचायचं थांबलात, कुठे कोण बोलतंय कळेना, एवढंच विचारा. एखादं प्रकरण स्वतंत्र दीर्घकथा म्हणून उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवा, पण लवकर, पावसाळ्यातच संपादकांची जुळवाजुळव झालेली असते. आणि हस्तलिखित पूर्ण होण्याआधीच छपाईसाठी पैसे मागणाऱ्या किंवा इतक्या प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणणाऱ्या प्रकाशकाला थांबायला सांगा. तुमच्या पत्राच्या ताज्या कलमात असा फोन आल्याचं लिहिलं आहे. त्याला उत्तर द्यायची घाई नाही. आधी ती आठ पानं लिहा, आणि मला पाठवावीशी वाटली तर चारही तऱ्हांची पाठवा, समासातल्या नोंदींसकट.